डाय, चौकट आणि तीन मिलिमीटर

हाताने केलेल्या भेटकार्डांचं प्रदर्शन असलं की एक संवाद हमखास कानावर पडतो. कार्डावरचं नाजूक जाळीचं वर्तुळ बघून कोणीतरी कौतुकाने विचारतं, "अगं, हे एवढं बारीक कातरलंस कसं?" करणारी सांगते, "डायने कापलंय." आणि विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. म्हणजे मशीनवर कापलं होय! मग यात हाताचं काय राहिलं?

प्रश्न रास्त आहे. जो डाय, म्हणजे दाबून कागद कापणारा धारदार साचा, नाशिकमध्ये मिळतो तोच न्यू जर्सीतही मिळतो, आणि दोन्हीकडे निघणारं कागदी पान शिरेपर्यंत सारखंच असतं. आकार कापणं हे या कामातलं कौशल्य नव्हेच. कापलेल्या आकाराभोवती किती जागा सोडायची, त्याच्या मागे काय ठेवायचं आणि तो कार्डापासून किती उचलायचा, यात हाताची आणि डोळ्याची परीक्षा असते. चौकट चुकली तर जगातला सगळ्यात महाग डायही कार्ड वाचवू शकत नाही. आणि तयार कापलेले तुकडे विकत आणून त्यांचं कार्ड करणं ही काही आजच्या आळशी पिढीने शोधलेली पळवाट नाही. भेटकार्डाचा धंदा जवळजवळ तिथूनच सुरू झाला.

इंग्लंडात १८४० साली एका पेनीत देशभर कुठेही पत्र पाठवायची सोय झाली. रोलंड हिलच्या या टपालसुधारणेसाठी खटपट करणाऱ्यांत हेन्री कोल हा सरकारी अधिकारी होता. १८४३ च्या नाताळाला कोलने जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक शुभेच्छापत्र काढून घेतलं. हजारभर प्रती छापल्या, हाताने रंगवून घेतल्या आणि एका शिलिंगला एक याप्रमाणे त्या बाजारात आल्या. विक्रीला आलेलं पहिलं नाताळकार्ड म्हणून त्याची नोंद आहे. चित्रातलं कुटुंब पेले उंचावतं आहे आणि त्यात एक लहान मूलही वाइनचा घोट घेताना दिसतं, म्हणून दारूविरोधकांनी बरीच ओरड केली. आपल्या कामाची गोष्ट मात्र दुसरी आहे. त्या चित्राला वेलींनी वेढलेल्या काठ्यांची चौकट आहे आणि तीच चौकट चित्राचे तीन भाग पाडते. मधे मेजवानी, दोन्ही बाजूंना गरिबांना अन्नवस्त्र देण्याचे प्रसंग. नाताळकार्डाला चौकट पहिल्या दिवसापासून होती. फक्त ती रंगवलेली होती.

कागदातून आरपार गेलेली चौकट आली ती व्हॅलेंटाइनच्या कार्डांमधून. कागदावर साच्याने उठाव देण्याची रीत आधीपासून होती. १८३४ च्या सुमारास लंडनच्या डॉब्स कंपनीत काम करणाऱ्या जोसेफ ॲडनब्रुकच्या लक्षात आलं की वर आलेला उठाव घासून टाकला तर तिथे भोक पडतं आणि मागे उरते ती कागदाची लेस. म्हणजे ही लेस कातरलेली नव्हती, घासलेली होती. नक्षीचा प्रत्येक ठिपका साच्यातून आलेला, म्हणून हजार कागद घासले तरी हजारही सारखे.

ही इंग्रजी लेस अटलांटिक ओलांडून मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावी एस्थर हाउलंडच्या हातात पडली. १८४७ मध्ये माउंट होल्योकमधून शिकून बाहेर पडलेली ही मुलगी. वडिलांचा स्टेशनरीचा व्यवसाय होता. इंग्लंडहून आलेलं एक व्हॅलेंटाइन तिने पाहिलं, लेसचा कागद आणि रंगीत चित्रं मागवली आणि काही नमुने करून भावाबरोबर फिरतीवर पाठवले. दोनशे डॉलरचं काम मिळालं तरी पुष्कळ, अशी तिची अपेक्षा होती आणि भाऊ पाच हजार डॉलरची मागणी घेऊन परत आला, असं सांगतात. मग तिने मैत्रिणींना घरीच कामाला बसवलं. एकीने कापायचं, दुसरीने पार्श्वभूमी लावायची, तिसरीने चित्र चिकटवायचं.

लेस इंग्लंडची, चित्रं छापखान्याची. मग हाउलंडबाईंचं स्वतःचं काय? तर त्यांनी पांढऱ्या लेसच्या खाली झळझळीत रंगाच्या कागदाचा एक लहानसा तुकडा सरकवला. लेसच्या भोकांमधून तो रंग दिसू लागला आणि आतापर्यंत पांढऱ्यावर पांढरी म्हणून हरवून जाणारी नक्षी एकदम वाचता येऊ लागली. शिवाय लेसचे थर त्यांनी एकावर एक सपाट न चिकटवता मधे अंतर ठेवून उचलले, त्यामुळे कार्डाला खोली आली. आज डाय वापरणारी कोणतीही व्यक्ती जे करते त्याचा गाभा हाच आहे, मागचा रंग आणि मधलं अंतर. १८८१ मध्ये हा धंदा जॉर्ज व्हिटनीला विकला गेला तोवर अमेरिकेत व्हॅलेंटाइनचा बाजार चांगलाच उभा राहिला होता.

त्याच काळात जर्मनीतले छापखाने रंगीत शिळाछापावर फुलं, देवदूत, मांजरं, हातात गुंफलेले हात असली चित्रं छापत, त्यांना उठाव देत आणि डायने कापून तावच्या ताव विकत. लोक ती वह्यांमध्ये आणि कार्डांवर चिकटवत. हे ताव आजही जुन्या वस्तूंच्या संग्राहकांकडे बघायला मिळतात आणि त्यात एक गंमत दिसते. चित्रं पूर्ण सुटी कापलेली नसतात. एका चित्राचा पंख दुसऱ्याच्या टोपीला कागदाच्या चिंचोळ्या पट्टीने जोडलेला असतो. या पट्ट्यांना शिडी म्हणत, आणि बऱ्याचदा कारखानदार आपलं नाव त्या शिडीवरच छापत. घरी आणल्यावर कात्रीने शिडी तोडायची, की चित्र मोकळं.

शिडीची ही युक्ती आपल्याकडच्या छापखान्यात आजही जिवंत आहे. लग्नपत्रिका करणाऱ्याकडे गेलात तर गणपतीच्या आकारात कापलेली, दाराची दोन पाखं उघडणारी पत्रिका दिसेल. तो त्याला 'पंचिंग' म्हणतो. त्यासाठीचा डाय म्हणजे साधारण १८ मिलिमीटर जाडीचं प्लायवूड, त्यात आकाराप्रमाणे पाडलेली चीर, आणि चिरेत ठोकून बसवलेली पोलादी पात्याची पट्टी. ही पट्टी बहुधा २३.८ मिलिमीटर उंचीची असते, म्हणजे लाकडाच्या वर सहाएक मिलिमीटर डोकावते. जिथे कापायचं नाही, फक्त घडी पाडायची आहे, तिथे जराशी बुटकी आणि बोथट पट्टी बसवतात. पात्याच्या दोन्ही अंगांना रबराचे किंवा फोमचे तुकडे चिकटवलेले असतात. कापून झाल्यावर कागद पात्यांत अडकू नये म्हणून ते त्याला बाहेर ढकलतात. आणि पात्यालाच मधूनमधून बारीक खाच पाडलेली असते. त्या खाचेपुरता कागद कापला जात नाही, म्हणून ताव मशीनमधून अखंड बाहेर येतो. पत्रिकेच्या कडेला बोट फिरवलं तर कधीकधी खरखरीत टोक लागतं, ते याच खाचेचं.

घरगुती कामासाठी मात्र हा डाय जड आणि महाग. छंद म्हणून कार्डं करणारे वापरतात तो डाय पातळ असतो, पत्र्याच्या तुकड्यासारखा. पोलादी पत्र्यावर नको तो भाग रसायनाने खाऊन टाकतात आणि आकाराच्या कडेने उंच धार शिल्लक ठेवतात. अशा डायला मोठ्या ठोक्याची गरज नसते. दोन रुळांमधून तो दाबून पुढे सरकला की काम होतं. अमेरिकेतल्या एलिसन कंपनीने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस शाळांमधल्या शिक्षकांसाठी अक्षरं कापणारी हातयंत्रं काढली. तिच्याच साइझिक्स या नावाखाली पुढे घरात टेबलावर मावणारी, हँडल फिरवून चालवायची मशिनं आली आणि मग इतर कंपन्यांचीही.

या मशीनमध्ये कापण्याची शक्ती कुठून येते हे समजून घेतलं तर निम्म्या अडचणी सुटतात. दोन रुळांमधली फट ठरलेली असते, ती कमीजास्त होत नाही. म्हणून त्या फटीत बरोबर मावेल एवढ्या जाडीचा ढीग रचावा लागतो. खाली मूळ पाट, त्यावर पारदर्शक प्लास्टिकची पाटी, मग कागद, त्यावर धार खाली केलेला डाय आणि वर दुसरी पाटी. ढीग पातळ पडला तर कागद अर्धवट कापला जातो, आणि जाड झाला तर हँडल फिरत नाही. अर्धवट कापत असेल तर ढिगात साध्या झेरॉक्स कागदाचा एखादा ताव वाढवायचा. एवढ्याने फरक पडतो. हँडलवर मात्र कधीही लोंबकळू नये, त्याने पाटी तरी तडकते किंवा मशीनचे दात तरी जातात.

लांब सरळ कडेचा डाय, उदाहरणार्थ मोठा आयत, रुळाला समांतर ठेवला तर ती अख्खी कड एकाच क्षणी रुळाखाली येते आणि हँडल अडतं. तोच जरा तिरका ठेवला की धार टोकापासून हळूहळू दाबत जाते. पाटीवर धारेचे वळ उठतात आणि ती एका बाजूला वाकते, म्हणून दर खेपेला उलटी करायची. जाळीच्या डायमध्ये कागदाचे कण अडकतात, तिथे कागद आणि डाय यांच्यामध्ये बटर पेपर ठेवला तर कागद सहज सुटतो. डायच्या पाठीला बारीक भोकं असतात, ती टाचणीने कागद ढकलण्यासाठी. आणि एक बारकावा: कागदाची जी बाजू धारेकडे असते तिच्या कडेला दाबामुळे किंचित गोलाई येते. दर्शनी बाजू धारेकडे ठेवली तर कापलेल्या आकाराला बारीकसा उठाव मिळतो. कात्रीच्या कामात हा कधीच येत नाही.

आता चौकट. सोप्या हिशेबासाठी ए-चार आकाराचा जाड कागद घ्या, २१० बाय २९७ मिलिमीटर. मधोमध कापून दोन तुकडे करा, प्रत्येकाची घडी घाला, की १०५ बाय १४८ चं कार्ड तयार होतं आणि एका तावात दोन कार्डं बसतात, कागदाचा कपटाही वाया जात नाही. हा झाला पाया. त्यावर दुसऱ्या रंगाचा थर, ९९ बाय १४२. म्हणजे चारही बाजूंनी पायाच्या रंगाची तीन मिलिमीटरची किनार दिसते. त्यावर तिसरा थर, ९३ बाय १३६. पुन्हा तीन मिलिमीटर. या किनारी एक मिलिमीटरच्या केल्या तर कापताना झालेली अर्ध्या मिलिमीटरची तफावतही डोळ्यात खुपते, कारण एका बाजूला किनार दुसरीच्या निम्मी वाटते. सहा मिलिमीटर केल्या तर किनार म्हणून न दिसता वेगळी पट्टी म्हणून दिसतात. लहान कार्डाला तीन मिलिमीटर हा माझ्या मते सगळ्यात सुरक्षित आकडा. मोठ्या कार्डाला वाढवावा.

आतला सगळ्यात वरचा थर हाच खिडकी पाडण्याचा. त्यात ७० मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ कापलं तर डाव्या-उजव्या बाजूला साडेअकरा मिलिमीटर उरतात. वरखाली मिळून ६६ उरतात, ते सारखे वाटून ३३-३३ करण्याचा मोह टाळावा. बरोबर मध्यावर ठेवलेली खिडकी डोळ्याला खाली घसरल्यासारखी वाटते. चित्रांना फ्रेम करणारे कारागीर पूर्वीपासून खालची कड वरच्यापेक्षा रुंद ठेवत आले आहेत, त्याचं कारण हेच. कार्डात तर हे आणखी सोयीचं आहे. वर २७ आणि खाली ३९ ठेवले की खालच्या जागेत 'शुभ दीपावली' लिहायला जागा मिळते.

डाय बहुतेक करून संचात येतात. एकच आकार, वर्तुळ असो की अष्टकोन, लहानापासून मोठ्यापर्यंत पायरीपायरीने. दोन शेजारचे डाय एकमेकांत बसवून, न हलण्यासाठी हलक्या चिकटपट्टीने कागदाला टेकवून एकदम कापले की मधे कडं निघतं, म्हणजेच फ्रेम. तिची रुंदी दोन डायच्या मापांतल्या फरकाच्या निम्मी. चार इंची आणि साडेतीन इंची चौकोन घेतले तर पाव इंची फ्रेम. दोन्ही डाय वेगवेगळ्या वेळी कापून मग नजरेने मधोमध बसवायला गेलात तर फ्रेम एका अंगाला जाड होणार, हे ठरलेलं.

एक इशारा मापांचा. बरेचसे डाय अमेरिकी मापांसाठी केलेले असतात. तिथलं रूढ कार्ड सव्वाचार बाय साडेपाच इंचाचं, म्हणजे १०८ बाय १४० मिलिमीटरचं. आपल्या ए-चार तावाच्या घडीचं कार्ड रुंदीला १०५. चार इंची चौकोन म्हणजे साडेएकशे एक मिलिमीटरच्या वर. तो आपल्या कार्डावर ठेवला तर दोन्ही कडांना पावणेदोन मिलिमीटरच उरतात आणि फ्रेम कार्डात कोंबल्यासारखी दिसते. डाय घेण्याआधी पट्टी बरोबर ठेवलेली बरी.

खिडकी झाली, की प्रश्न खोलीचा. आकार सपाट चिकटवला तर कितीही सुंदर असो, छापल्यासारखा दिसतो. एक-दोन मिलिमीटर जाडीच्या फोमच्या डबल टेपवर उचलला की त्याची सावली पडते, आणि सावलीच आकाराची कड रेखते. त्यामुळे पांढऱ्यावर पांढरं कार्डही वाचता येतं. एकात एक बसणाऱ्या चार-पाच फ्रेमा मागे मागे लहान होत गेलेल्या लावल्या तर गणपतीच्या मखरासारखी कमानीमागे कमान उभी राहते, आणि नजर आपोआप आतल्या पणतीवर जाऊन थांबते. इथे रंगांचा क्रम महत्त्वाचा. मागे गडद आणि पुढे फिका ठेवला तर खोली वाढते. मागचा थर ट्रेसिंग पेपरचा केला आणि त्यामागे पिवळा कागद, तर आकाशकंदिलाच्या आत दिवा असल्याचा भास होतो. मात्र चार थर, मोती, रिबिन, चमकी आणि फुलपाखरू असं सगळं एकाच कार्डावर आलं की फ्रेम कशाला होती हेच कळेनासं होतं. डायचा नवा संच घेतला की त्यातले सगळे आकार एकाच कार्डावर वापरून पैसे वसूल करायची ओढ लागते. ती आवरणं हा या छंदातला सगळ्यात अवघड भाग आहे.

कापून निघालेला मधला भाग फेकायचा नाही. तो दुसऱ्या रंगाच्या कार्डातल्या त्याच डायच्या खिडकीत अचूक बसतो, कारण भोक आणि तुकडा दोन्ही एकाच धारेचे आहेत. निळ्या तावातली पणती पिवळ्या तावातल्या पणतीच्या भोकात बसवायची आणि पिवळी निळ्यात. लाकडातल्या जडावकामाची ही कागदी आवृत्ती. मागून एक साधा कागद चिकटवला की दोन्ही तुकडे एका पातळीत राहतात.

कागद कोणता घ्यावा? घडीच्या पायासाठी अडीचशे ते तीनशे जीएसएम, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन तेवढे ग्रॅम. त्याखालचा कागद उभा राहत नाही. वरच्या थरांना हलका चालतो. कारखान्याच्या मशीनवर तयार झालेल्या कागदातले तंतू बहुतेक एकाच दिशेने आडवे पडलेले असतात. त्या दिशेला समांतर घडी घातली तर स्वच्छ बसते, आडवी घातली तर पाठीवर कागद फाटून पांढरे तडे दिसतात. दिशा कळायला ताव दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघायचा. ज्या बाजूने सहज वळतो तीच तंतूंची. घडीच्या जागी आधी संपलेल्या बॉलपेनच्या टोकाने पट्टीला धरून चर पाडला तर घडी पाडायचं बोन फोल्डर वगैरे विकत आणायची गरज नाही.

तंतूंची ही दिशा पावसाळ्यात आणखी एक हिसका दाखवते. दमट हवेत तंतू फुगतात, पण लांबीत जवळजवळ नाही, रुंदीतच. एकावर एक चिकटवलेल्या दोन थरांची दिशा वेगळी असेल तर एक थर आडवा वाढतो, दुसरा उभा, आणि मुंबई-कोकणातल्या जुलैत कार्ड पापडासारखं नाही तरी होडीसारखं नक्की वळतं. फेव्हिकॉलसारखा पाण्यात मिसळलेला गोंद भरपूर लावला तर हेच जुलैची वाट न बघता होतं. म्हणून मोठ्या थरांना कोरडी डबल टेप आणि बारीक आकारांना सुईच्या टोकाएवढा गोंद.

हातकागदाचा मोह सगळ्यांनाच होतो. महाराष्ट्राला त्याची जुनी परंपराही आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात शतकानुशतकं कागद होत आला आणि पुण्यात १९४० साली हातकागद संस्था उभी राहिली. सुती चिंध्यांपासून केलेल्या या कागदातले तंतू लांब असतात आणि कोणत्याही एका दिशेला झुकलेले नसतात. त्यामुळे तो घडीला चांगला, वळण्याचा त्रासही कमी. पण त्याच लांब तंतूंमुळे बारीक जाळीच्या डायमध्ये तो कुरतडल्यासारखा कापला जातो, कडेला लव उरते. हा कागद पायाला किंवा मागच्या थराला वापरावा, त्याची कड पट्टीला धरून फाडलेलीच शोभते. जाळीसाठी गुळगुळीत, घट्ट कागदच हवा.

आता मराठी अक्षरांकडे येऊ, कारण तयार डाय बहुतेक इंग्रजी शब्दांचे मिळतात आणि मराठी शुभेच्छांसाठी आपल्यालाच खटपट करावी लागते. संगणकाला जोडून सुईसारख्या पात्याने कागद कापणारी क्रिकटसारखी यंत्रं आल्यापासून हे जमण्यासारखं झालं आहे. कापण्याच्या दृष्टीने देवनागरी रोमनपेक्षा सोयीची, कारण सुटी रोमन अक्षरं एकेक करून चिकटवावी लागतात, तर आपला शब्द शिरोरेषेला लटकलेला असतो. 'वाढदिवस' कापा, अख्खा शब्द एका तुकड्यात उचलता येतो. 'दीपावली'ही तशीच. जर्मन तावावरच्या शिडीचं काम इथे लिपीच करते.

पण 'शुभेच्छा' घ्या, आणि फसाल. 'भ'ची शिरोरेषा डावीकडे तुटलेली असते, नाहीतर तो 'म' झाला असता. त्यामुळे 'शु' एका हातात आणि 'भेच्छा' दुसऱ्या हातात येतं. 'ध'चीही तीच कथा. 'अभिनंदन'मध्ये तर 'भ'ही आहे आणि 'नं'वरचं टिंबही, जे कापताक्षणी उडून जमिनीवर जातं आणि केरात सापडतं. अशा ठिकाणी अक्षर काढतानाच 'भ'ची गाठ शेजारच्या अक्षराला बारीक टेकवावी, आणि टिंब शिरोरेषेला चिकटेल इतकं खाली आणावं. उलट शब्द भोकाच्या रूपात, म्हणजे खिडकीसारखा कापायचा असेल तर वेगळीच अडचण. 'व', 'ब', 'प', 'ष' यांच्या पोटातला कागद सुटा होऊन पडतो. तिथे पोटाला काठाशी जोडणारा पूल ठेवावा लागतो. मथुरा-वृंदावनच्या सांझी कलेत कागदी साचे कातरून त्यातून देवळांमध्ये रंगांच्या आकृती भरतात. त्या कारागिरांची नजर बघावी. मोराच्या पिसाऱ्यातली प्रत्येक पाकळी शेजारच्या पाकळीला कुठेतरी टेकलेली असते आणि तो टेकू नक्षीचाच भाग वाटतो.

यंत्रावर मराठी कापणाऱ्यांना आणखी एक खोड लवकरच कळते. संगणकाच्या दृष्टीने प्रत्येक अक्षर वेगळा आकार असतो आणि त्यांच्या शिरोरेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. तशाच पाठवल्या तर यंत्र प्रत्येक अक्षराची पूर्ण कड इमानाने कापतं आणि शिरोरेषेचे तुकडे हातात येतात. कापण्याआधी सगळी अक्षरं जोडून एक आकार करण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, ती वापरायची. काही ठिकाणी जोडाक्षरंही फुटून 'च्छा'चं 'च्‌छा' होतं, म्हणून आधी रद्दी कागदावर एक फेरी.

मशीन नाही म्हणून अडायचं कारण नाही. सरळ चौकटींसाठी कटर, स्टीलची पट्टी आणि खाली जाड पुठ्ठा पुरतो. वर्तुळाला वाटी उलटी ठेवून पेन्सिलने गोल काढायचा आणि कापताना कटर स्थिर धरून कागद फिरवायचा. याच्या उलट केलं की गोलाला कोपरे येतात. आणि शंभराहून अधिक कार्डं एकाच आकाराची हवी असतील, मुंज-बारशाच्या आमंत्रणासारखी, तर घरचं मशीन फिरवत बसण्यापेक्षा पत्रिकावाल्याकडून प्लायवूडचा डाय करून घेणं शहाणपणाचं. डाय जपून ठेवला तर पुढेही उपयोगी पडतो.

लिफाफा मात्र शेवटी शोधायचा नाही, आधी ठरवायचा. आपल्या १०५ बाय १४८ च्या कार्डाला ११४ बाय १६२ चा लिफाफा बरोबर बसतो, तो सी-सहा या नावाने मिळतो. पण फोम टेपवर दोन थर उचलले की कार्ड चार-पाच मिलिमीटर जाड होतं आणि त्याच लिफाफ्यात कोपऱ्यांना सुरकुत्या पडतात. टपालाने पाठवायचं असेल तर शिक्का मारण्याचा दाब आणि थैलीतलं वजन धरून उठाव एका थरापुरता ठेवावा, मोती-खडे टाळावेत आणि कार्डाच्या दर्शनी बाजूला पातळ पुठ्ठ्याचा तुकडा घालून मगच लिफाफ्यात सारावं. हातोहात द्यायचं असेल तर हवी तेवढी मखरं बांधा. आणि पाया गडद निळ्या किंवा काळ्या कागदाचा घेतला असेल तर आतल्या पानावर फिक्या कागदाचा एक चौकोन, तीन मिलिमीटरची किनार सोडून, चिकटवायला विसरू नका, कारण बॉलपेनने काळ्यावर लिहिलेलं कोणालाच वाचता येत नाही.